यूकॉनने २०२० चा फुटबॉल सीझन रद्द केला ते बरोबर होतं का? आणि त्या मुलांचं पुढे काय झालं?

हस्की_पालक

नमस्कार मंडळी. आम्ही कनेटिकटमध्ये राहतो, मुलगा यूकॉनला (युनिव्हर्सिटी ऑफ कनेटिकट) शिकतोय आणि त्याच्यामुळे आता घरात सगळ्यांनाच कॉलेज फुटबॉल बघायची सवय लागली आहे (अमेरिकन फुटबॉल, पायाने खेळतात तो नाही). परवा यूकॉनच्या मैदानाच्या, रेंट्शलर फील्डच्या पार्किंगमध्ये गेमच्या आधी गप्पा चालल्या होत्या, तिथे एक जुने फॅन म्हणाले की या टीमचं खरं नुकसान २०२० मध्ये झालं, कोविडला घाबरून यूकॉनने अख्खा सीझन रद्द केला, बाकीचे सगळे खेळले, आणि त्यामुळेच २०२१ मध्ये १ जिंकली ११ हरले अशी अवस्था झाली आणि कोचपण सीझन चालू असतानाच गेला.

मला एवढं माहीत आहे की ५ ऑगस्ट २०२० ला त्यांनी जाहीर केलं आणि सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे एफबीएसमध्ये, असं करणारी ती पहिलीच टीम होती. पण बाकीचं काही नीट माहीत नाही. आम्ही तेव्हा फुटबॉल बघतच नव्हतो, घरात बंद होतो, धुतलेल्या भाज्या परत धूत होतो. आज त्याच मैदानावर ही पोरं इतकी जीव तोडून खेळताना बघते तेव्हा सारखं मनात येतं की ज्यांचं शेवटचं वर्षच गेलं त्यांचं काय झालं असेल. इथे बरेच जण वर्षानुवर्षं फॉलो करणारे आहात म्हणून विचारते, खरंच एवढी घाई करायची गरज होती का? थोडं थांबले असते तर चाललं नसतं का? आणि न खेळल्यामुळे टीम बुडाली हे खरं आहे का?

चौथा_डाऊन

ताई, घाबरून वगैरे काही नाही. तारखा एकापुढे एक लावून बघा, चित्र आपोआप स्पष्ट होतं.

१ जुलै २०२० ला यूकॉन अमेरिकन कॉन्फरन्समधून (कॉन्फरन्स म्हणजे मुख्यतः आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) बाहेर पडून बिग ईस्टमध्ये परत गेलं. बास्केटबॉलसाठी एकदम योग्य निर्णय, पण बिग ईस्टमध्ये फुटबॉल नाहीच, त्यामुळे फुटबॉल टीम त्या दिवसापासून इंडिपेंडंट. म्हणजे शेड्यूल सांभाळायला पाठीशी कोणी नाही, प्रत्येक गेम स्वतः फोन करून ठरवायचा. आणि लगेच ९ जुलैला बिग टेनने सांगितलं की आम्ही फक्त आपापसात खेळणार, झालं, इलिनॉय आणि इंडियानाविरुद्धचे गेम गेले. मग मेन ज्या कॉन्फरन्समध्ये खेळतं त्यांनी फॉल, म्हणजे शरदातला, सीझन थांबवला, मेन गेलं. ३० जुलैला एसईसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सने १० गेम आणि तेही फक्त कॉन्फरन्समधले असं ठरवलं, ओल मिस गेलं. १२ गेमपैकी ४ तीन आठवड्यांत गायब, आणि उरलेल्यांचंही काही खरं नव्हतं. ज्या टीम कॉन्फरन्समध्ये होत्या त्यांना कॉन्फरन्सच्या प्रमुखाने, कमिशनरने, नवीन शेड्यूल करून दिलं, यूकॉनला कोण करून देणार?

त्यात कनेटिकट, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांनी मिळून जूनच्या शेवटी नियम काढला होता की जास्त केसेस असलेल्या राज्यातून येणाऱ्याने १४ दिवस क्वारंटाईन व्हायचं. आता फुटबॉल दर शनिवारी असतो. दक्षिणेत जाऊन एक गेम खेळून आलात की पुढचे दोन शनिवार गेले. हे गणित जमतच नाही हो, कसंही मांडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे त्या पार्किंगमधल्या काकांना सांगायला हवं. हा निर्णय वरून लादलेला नव्हता. खेळाडूंनी स्वतः एकत्र निवेदन काढलं होतं की या वर्षी न खेळण्याच्या निर्णयाला आमचा पूर्ण पाठिंबा आहे, आम्हाला तब्येतीची काळजी वाटते आणि या आजाराचे दूरगामी परिणाम काय होतात हे अजून पुरेसं माहीत नाही. १९-२० वर्षांची पोरं. वर्षभर घाम गाळल्यावर आपण होऊन असं म्हणणं याला मी तरी धैर्य म्हणेन. कोच रँडी एडसॉलपण त्यांच्या बाजूने उभा राहिला. त्याच्या कोचिंगबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही पण त्या आठवड्यात तो माणूस बरोबर वागला.

घाईबद्दल म्हणाल तर, त्याच दिवशी, ५ ऑगस्टलाच, एनसीएएच्या (कॉलेज स्पोर्ट्स चालवणारी संस्था) डिव्हिजन टू आणि थ्री या खालच्या गटांनी फॉलच्या चॅम्पियनशिप्स रद्द केल्या. आयव्ही लीगने तर ८ जुलैलाच फॉल स्पोर्ट्स रद्द केले होते. यूकॉननंतर तीन दिवसांत मॅक कॉन्फरन्स थांबली आणि ११ ऑगस्टला एकाच दिवशी बिग टेन आणि पॅक-१२ दोघांनी हात वर केले. एवढ्या मोठ्या कॉन्फरन्स, एवढे पैसे, एवढे डॉक्टर, आणि आठवड्याभरात त्याच निर्णयावर आले.

सीझनतिकीट

वरच्या पोस्टमधल्या तारखा बरोबर आहेत पण अर्धीच गोष्ट सांगितली आहे असं मला वाटतं, पुढचं पण सांगायला हवं. बिग टेनने १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला, पॅक-१२ ने २४ सप्टेंबरला. एसईसी, एसीसी, बिग १२ तर थांबलेच नाहीत. ११ जानेवारी २०२१ ला अलाबामाने ओहायो स्टेटला ५२-२४ हरवून चॅम्पियनशिप घेतली, १३ पैकी १३ जिंकले. म्हणजे खेळणं शक्य होतं.

आणि खेळाडूंचं मत म्हणाल तर दुसऱ्या बाजूचे खेळाडूही होते ना. ऑगस्टमध्ये क्लेमसनच्या ट्रेव्हर लॉरेन्सने आणि बाकीच्यांनी आम्हाला खेळायचंय म्हणून मोहीम चालवली, ओहायो स्टेटच्या जस्टिन फील्ड्सने ऑनलाईन अर्ज काढला त्यावर लाखो सह्या आल्या. त्यांचा मुद्दा मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. घरी पाठवलं तर आम्ही जास्त सुरक्षित आहोत असं कोणी सांगितलं? बऱ्याच मुलांच्या घरी आजी आजोबा, छोटं घर, जवळ धड डॉक्टर नाही, आणि कॅम्पसवर टेस्टिंग आहे, ट्रेनर आहे, तीन वेळचं जेवण आहे, सकाळी उठायला कारण आहे. कितीतरी पोरांना फुटबॉलनेच रुळावर ठेवलेलं असतं, ते काढून घेतलं तर वर्षभर त्या पोराने काय करायचं? मानसिक त्रासाबद्दल तेव्हा कोणी बोलतच नव्हतं, सगळं फक्त व्हायरसभोवती. मी यूकॉनला दोष देत नाही पण रद्द करण्याला काही किंमत नव्हती असं कोणी म्हणू नये.

चौथा_डाऊन

@सीझनतिकीट किंमत होती, शंभर टक्के मान्य. पण बिग टेन परत कशाच्या जोरावर आलं ते बघा. रोजच्या रोज अँटिजेन टेस्ट, प्रत्येक खेळाडूची, आणि पॉझिटिव्ह आला की हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून कमीत कमी २१ दिवसांनी परत मैदानात. हा खर्च कॉन्फरन्सने उचलला. यूकॉनचं स्पोर्ट्स डिपार्टमेंट २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरपेक्षा जास्त तोट्यात होतं आणि जून २०२० मध्ये त्यांनी चार टीम बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं, मुलांचं क्रॉस कंट्री, स्विमिंग, टेनिस आणि मुलींचं रोइंग. (रोइंगच्या मुली पुढे कोर्टात गेल्या आणि त्यांची टीम परत आली, शाबास त्यांची.) अशा ठिकाणी रोजचं टेस्टिंग कुठून आणणार? आणि एवढं करूनही ओहायो स्टेटला रेग्युलर सीझनमध्ये जेमतेम ५ गेम मिळाले, बिग टेनच्या चॅम्पियनशिप गेमसाठी किमान ६ चा नियम होता तो कॉन्फरन्सला ऐनवेळी काढावा लागला. क्लेमसन फ्लोरिडा स्टेटला जाऊन पोचलं आणि गेमच्या दिवशी सकाळी रद्द. लॉरेन्स स्वतः पॉझिटिव्ह येऊन दोन गेम मुकला. अलाबामाचा कोच निक सेबन ऑबर्नविरुद्धच्या गेमला घरी बसला. सगळ्यात श्रीमंत लोकांची ही तऱ्हा.

फिजिओताई

मी स्पोर्ट्स फिजिओ आहे, कॉलेजच्या खेळाडूंसोबत काम करते, त्यामुळे तब्येतीच्या बाजूने थोडं लिहिते. आज मागे वळून बघताना आपल्याला सगळं माहीत आहे म्हणून तेव्हाचे निर्णय अति वाटतात. पण ऑगस्ट २०२० मध्ये डॉक्टरांच्या हातात काय होतं ते बघा.

जुलैच्या शेवटी जर्मनीतला एक अभ्यास आला, कोविडमधून बऱ्या झालेल्या १०० लोकांचा हृदयाचा एमआरआय केला तर ७८ जणांमध्ये काही ना काही वेगळं दिसलं. त्यावर नंतर बरीच टीका झाली, आकड्यांत दुरुस्त्या झाल्या, पण ज्या आठवड्यात हे सगळे निर्णय चालले होते त्या आठवड्यात प्रत्येक टीम डॉक्टरच्या टेबलावर तो पेपर होता. प्रश्न मायोकार्डायटिसचा होता, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज. साधा माणूस घरी आराम करतो आणि बहुतेक वेळा बरा होतो. पण १४० किलोचा लाईनमन (पुढच्या फळीत धडका देणारा धिप्पाड खेळाडू), भर उन्हात, पॅड घालून, नाडी १८० वर, आणि आत हृदयाला सूज असेल तर तो मैदानातच कोसळू शकतो. तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूच्या ज्ञात कारणांपैकी हे एक आहे, कोविडच्या कितीतरी आधीपासून. बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल टीमचा पिचर एदुआर्दो रॉड्रिगेझ, तिशीच्या आतला प्रोफेशनल खेळाडू, त्याच उन्हाळ्यात कोविडनंतर याच कारणाने पूर्ण सीझन बाहेर बसला.

सप्टेंबरमध्ये ओहायो स्टेटचा अभ्यास आला, २६ खेळाडू, त्यातल्या ४ जणांच्या एमआरआयमध्ये मायोकार्डायटिससारखी लक्षणं. १५ टक्के! कल्पना करा, ८५ स्कॉलरशिपवाल्या पोरांची टीम आहे आणि तुम्हाला कोणी १५ टक्के सांगतंय. खरा आकडा कळायला २०२१ चा मे उजाडला. बिग टेनच्या १,५९७ खेळाडूंची पूर्ण तपासणी झाली त्यात ३७ जणांना निघालं, म्हणजे २.३ टक्के, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना काहीच लक्षणं नव्हती. तर भीती होती त्यापेक्षा खूप कमी, पण शून्य नाही. आणि हे कळलं ते खेळलेल्या पोरांच्या तपासणीतूनच.

एक गोष्ट लिहिताना आजही हात जड होतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन टू कॉलेजचा २० वर्षांचा डिफेन्सिव्ह लाईनमन सप्टेंबर २०२० मध्ये कोविडनंतरच्या गुंतागुंतीमुळे, रक्ताची गाठ होऊन गेला. त्यांचा तर सीझन आधीच थांबवला होता, म्हणजे तो फुटबॉल खेळताना आजारी पडला असं नाही. पण लाईनमन लोकांचं वजन, त्यांची झोप, ब्लड प्रेशर, हे सगळं बघता ती पोरं दिसतात तेवढी अभेद्य नसतात. बाहेरून बघणाऱ्याला डोंगर दिसतो, टेबलावर तपासणाऱ्याला वेगळं दिसतं. म्हणून यूकॉनच्या पोरांनी निवेदनात दूरगामी परिणामांबद्दल जे लिहिलं होतं ते मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

@सीझनतिकीट तुमचा मानसिक त्रासाचा मुद्दा मात्र अगदी खरा आहे. त्या हिवाळ्यात माझ्याकडे दुखापत नसलेली पोरं यायची, गुडघा दुखतो म्हणून. गुडघ्याला काही नसायचं. कोणाशी तरी अर्धा तास बोलायचं असायचं.

नॉरफोककर

न खेळल्यामुळे टीम बुडाली या वाक्यावर मला बोलायचंय कारण आमच्याकडे याच प्रश्नाचं वेगळं उत्तर आहे. मी ओल्ड डोमिनियनचा फॅन, व्हर्जिनियात राहतो. आम्ही पण २०२० मध्ये एकही गेम खेळलो नाही. १० ऑगस्टला रद्द केलं, आणि आमची कॉन्फरन्स खेळत असताना, म्हणजे कॉन्फरन्स यूएसएमधले बाकीचे सगळे खेळले आणि आम्ही एकटे बसलो. लोकांनी काय काय ऐकवलं ते विचारू नका. त्यात कोच नवीन, रिकी राहनी डिसेंबर २०१९ मध्ये आलेला, त्याला पहिला गेम मिळाला थेट सप्टेंबर २०२१ मध्ये. हेड कोच झाल्यावर दीड वर्षाहून जास्त वाट बघितली त्या माणसाने!

आणि २०२१ ची सुरुवात यूकॉनसारखीच. १ जिंकली ६ हरलो. सगळे म्हणाले बघा, सांगितलं होतं. त्यानंतर सलग ५ जिंकल्या. ६-६, बोल गेमला (सीझननंतरचा मानाचा सामना) गेलो. तिथे तल्साकडून हरलो पण त्या नोव्हेंबरमध्ये मी जेवढा आनंदाने ओरडलो तेवढा आधी कधी ओरडलो नव्हतो. एक वर्ष न खेळलेली टीम सुरुवातीला गंजलेली असते, टॅकलिंग चुकतं, चौथ्या क्वार्टरला पाय चालत नाहीत, हे दिसत होतं. पण तो गंज सात आठ आठवड्यांत उतरला.

आता उलट उदाहरण तुमच्या शेजारचं घ्या. यूमास (मॅसॅच्युसेट्सची युनिव्हर्सिटी), तेव्हा तेही इंडिपेंडंट, त्यांनी पण ऑगस्टमध्ये थांबवलं आणि सप्टेंबरमध्ये विचार बदलून खेळले. ४ गेम, चारही हरले, चार गेम मिळून त्यांचे पॉइंट १२. पुढच्या वर्षी त्यांचंही १-११. मग खेळून काय मिळालं? बरं, ती जी एक मॅच त्यांनी २०२१ मध्ये जिंकली ती यूकॉनविरुद्धच, २७-१३, त्यामुळे ताई तुम्ही हे उदाहरण पार्किंगमध्ये जरा जपून वापरा, समोरचा लगेच उलटवेल. पण दोन्ही टीम आधीपासूनच कमकुवत होत्या. यूकॉन २०१९ मध्ये २-१० होतं. खड्डा आधीचाच होता.

चौथा_डाऊन

@नॉरफोककर हेच. आणि यूकॉनचा २०२१ मधला पहिला विजय कोणाविरुद्ध? येल, २१-१५. येलनेही २०२० मध्ये काही खेळलेलं नव्हतं. एक वर्ष रिकामं गेलेल्या दोन टीम समोरासमोर. त्याआधी फ्रेझ्नो स्टेटकडून ४५-०, मग होली क्रॉसकडून ३८-२८, आणि त्या हरण्यानंतर एडसॉल गेला. नोव्हेंबर २०१९ चा टेंपलविरुद्धचा गेम आणि ऑगस्ट २०२१ चा फ्रेझ्नोचा गेम, मध्ये जवळजवळ २१ महिने. पण नवीन कोच जिम मोराने २०२२ मध्ये तिथूनच ६ विजय काढले आणि बोल गेम गाठला, आणि २०२४ ला ९-४, फेनवे पार्कमध्ये नॉर्थ कॅरोलायनाला २७-१४ हरवलं. बुडालेली टीम दोन तीन वर्षांत असं करत नाही. पार्किंगमधल्या काकांना हे सांगा.

तिसरीफळी

वरची सगळी चर्चा मोठ्या टीमची आहे, माझ्या भाच्याची गोष्ट वेगळी आहे म्हणून लिहितो. तो डिव्हिजन थ्रीच्या एका छोट्या कॉलेजात होता, तिथे फुटबॉलसाठी स्कॉलरशिप नसते, टीव्ही नसतो, एनएफएलचं (प्रोफेशनल लीग) स्वप्न नसतं. पोरं फक्त आवडतं म्हणून खेळतात. सेंटर खेळायचा, म्हणजे बॉल मागे देऊन समोरच्या धिप्पाड माणसाला अडवायचं, ज्याचं नाव कोणी कधी घेत नाही. तीन वर्षं बदली खेळाडू, आणि चौथ्या वर्षी पहिल्यांदा त्याची जागा पक्की झाली होती. ते वर्ष २०२०.

सीझन गेल्याचं त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. बहीण सांगते की तो कॉल संपल्यावर तो काही बोलला नाही, नेहमीप्रमाणे गॅरेजमध्ये जाऊन वजनं उचलत बसला, आणि पुढचे कित्येक आठवडे तेच करत राहिला, कशासाठी ते कोणालाच कळेना. खेळायला एक जास्तीचं वर्ष मिळालं हे खरं, पण त्याची इंजिनिअरिंगची डिग्री पूर्ण झाली होती, नोकरी हातात होती, आणि डोक्यावर कर्ज. एका सीझनसाठी अजून एक वर्ष फी कोण भरणार? तो नोकरीला लागला. निर्णय बरोबर होता असं तो स्वतः म्हणतो, त्याच्या आजीला तेव्हा ऑक्सिजनवर ठेवलं होतं त्यामुळे त्याला कोणी समजवायची गरज नव्हती. पण शेवटचा गेम आपण आधीच खेळून झालोय आणि आपल्याला ते माहीतच नव्हतं, हे त्याच्या मनातून जात नाही. शेवटच्या होम गेमला सीनियर मुलं आईवडिलांना घेऊन मैदानावर चालत येतात ना, ते माझ्या बहिणीला मिळालं नाही. ती अजून कोणाचा तो सोहळा टीव्हीवर लागला की खोलीतून उठून जाते.

हस्की_पालक

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. @तिसरीफळी तुमचं वाचून डोळे भरून आले, बहिणीला माझा नमस्कार सांगा. @फिजिओताई १५ टक्के आणि २.३ टक्के यातला फरक वाचून मला त्या वेळचे डॉक्टर किती अवघड जागी उभे होते ते कळलं.

माझं मत आता पक्कं झालंय की ५ ऑगस्टला त्यांच्याकडे दुसरा चांगला मार्ग नव्हता. फक्त एक शेवटचं, ते जास्तीचं वर्ष नक्की काय असतं? यूकॉनच्या मुलांनी एकही गेम खेळला नाही तरी त्यांना मिळालं का? आणि मग नवीन येणाऱ्या मुलांची जागा गेली का?

चौथा_डाऊन

हो ताई, मिळालं. २१ ऑगस्ट २०२० ला एनसीएएने ठरवलं की डिव्हिजन वनमधल्या फॉल स्पोर्ट्सच्या सगळ्या खेळाडूंना एक वर्ष जास्त, खेळा किंवा खेळू नका. तेव्हा एरवी पाच वर्षांत चार सीझन असा नियम होता, २०२० त्यात धरलंच नाही. शिवाय कोविडच्या भीतीने ज्याने खेळायला नकार दिला त्याची स्कॉलरशिप काढता येणार नाही हेही स्पष्ट केलं, ते फार गरजेचं होतं. आणि जे सीनियर २०२१ मध्ये परत आले त्यांना त्या वर्षापुरतं तेव्हाच्या ८५ स्कॉलरशिपच्या मर्यादेत मोजलं नाही.

पण तुमचा दुसरा प्रश्न बरोबर जागी लागलाय. सूट एकाच वर्षाची होती, त्यामुळे तुंबलेली रांग पुढे सरकत राहिली. मार्च २०२० पासून मे २०२१ संपेपर्यंत कोचना शाळेतल्या मुलांना प्रत्यक्ष भेटायलाच बंदी होती, त्यात कनेटिकटच्या शाळांचा २०२० चा फुटबॉल सीझनपण झाला नाही, म्हणजे इथल्या बारावीच्या पोराकडे दाखवायला व्हिडिओसुद्धा नाही. वर एप्रिल २०२१ मध्ये एकदा ट्रान्स्फर केलं तर वर्षभर बाहेर बसायची अट काढली, मग कोच लोक शाळेतल्या पोरापेक्षा २२ वर्षांचा तयार खेळाडू घ्यायला लागले. २०२० आणि २१ ला शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना याचा सगळ्यात जास्त फटका बसला आणि त्यांच्यासाठी वेगळा काहीच नियम झाला नाही. तुमच्या मुलाच्या ओळखीत त्या वयाचे कोणी असतील तर विचारा त्याला, ज्यांना कुठूनच फोन आला नाही असे बरेच सापडतील.